कार्डावरचा पहिला आकडा

गरोदर बाईची नोंद झाली की तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड पडते. नर्सबाई तिला चप्पल काढून वजनकाट्यावर उभी करतात, आकडा कार्डावर लिहितात, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि लोहाच्या गोळ्या देऊन पुढच्या तारखेला यायला सांगतात. पुढच्या खेपेला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती वाढलं?’ घरी सासूही तेच विचारते, माहेरहून आईचा फोन येतो तेव्हा तीही तेच विचारते. आईचे वजन आणि पोटातल्या बाळाचे पोषण यांविषयीची आपली बहुतेक चर्चा या वाढीभोवतीच फिरते. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढायला हवेत, एवढे सगळ्यांना पाठ असते.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या प्रश्नावर जगभर काम झाले. त्यातले काही फार मोलाचे काम पुण्या-मुंबईत झाले. ते वाचत गेले की लक्ष त्या वाढीवरून हळूहळू पहिल्या नोंदीकडे वळते. ३८, ४१, ४३. हा आकडा बाई घरून घेऊन आलेली असते आणि तो घडायला तिचे सगळे बालपण आणि तरुणपण लागलेले असते. बाळाच्या वजनाबद्दल तो जितके सांगतो तितके नंतरचे रकाने सांगत नाहीत. तरीही आपली जवळजवळ प्रत्येक योजना त्या नोंदीनंतर सुरू होते. या लेखाला म्हणायचे आहे ते एवढेच, पण त्याला आधार काय, हे नीट पाहायला हवे.

२०१५ साली डायन कॉफी या अभ्यासिकेने भारत आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा आफ्रिका यांची तुलना प्रसिद्ध केली. भारताची आकडेवारी २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातली होती. गरोदर राहण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय स्त्रियांपैकी ४२ टक्के प्रमाणापेक्षा कृश होत्या. आफ्रिकेतल्या त्या भागात हेच प्रमाण १६.५ टक्के होते. भारतीय बाईचे वजन सगळ्या गरोदरपणात सरासरी सुमारे ७ किलोने वाढत होते. म्हणजे नऊ महिने भरल्यावर तिचे जे वजन होई, ते आफ्रिकेतल्या बाईच्या दिवस जाण्याच्या वेळच्या वजनापेक्षाही कमी भरत होते. आफ्रिकेतले ते देश आपल्यापेक्षा गरीब होते. तेव्हा नुसत्या गरिबीवर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

त्यानंतर स्थिती सुधारली आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश आढळल्या, महाराष्ट्रात २०.८ टक्के. पण ही सगळ्या वयांची सरासरी आहे. कृशता जास्त असते ती विशी-बाविशीच्या मुलींत, आणि पहिले बाळंतपण होते ते नेमके त्याच वयात.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला अभ्यास या प्रश्नाचा पाया म्हणावा असा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी लग्न झालेल्या पण गरोदर नसलेल्या बायकांपासून सुरुवात केली. कोणाला दिवस गेले हे कळायला पाळीच्या तारखांचा पाठपुरावा केला आणि मग गरोदरपणात त्या काय खातात, किती कष्ट करतात, रक्तात काय आहे, हे सगळे मोजले. दिवस जाण्याआधीचे वजन असे हाताशी असणे आपल्याकडे दुर्मीळ. कार्डावरचे पहिले वजन सहसा दोन-तीन महिने उलटून गेल्यावरचे असते. या बायकांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ४२ किलोच्या आसपास होते. अठराव्या आठवड्यात त्या दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. त्यातल्या बहुतेक शेतकरी घरांतल्या होत्या आणि त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आतबाहेर भरले.

अपेक्षा अशी होती की जास्त कॅलरी आणि जास्त प्रथिने खाणाऱ्या बायकांची बाळे मोठी असतील. तसे दिसले नाही. बाळाच्या आकाराशी स्पष्ट संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळे यांचा. अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाजी व फळे ज्यांच्या खाण्यात वारंवार होती, त्यांची बाळे वजनाने आणि लांबीने सरस होती. भाकरी-भाताने पोट भरते, पण गर्भाला लागणारी जीवनसत्त्वे आणि खनिजे तेवढ्याने मिळत नाहीत. याच अभ्यासातून आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी कष्टांचा हिशेब मांडला. शेतातले काम, पाणी आणणे, धुणे, घरकाम हे सगळे धरून ज्यांच्या अंगावर जास्त कष्ट होते, त्यांची बाळे लहान भरली. बाईच्या ताटात काय आहे एवढेच पाहून भागत नाही, तिच्या डोक्यावर किती आहे हेही पाहावे लागते. आहाराचा सल्ला देणारे आपण बहुतेक जण या दुसऱ्या गोष्टीबद्दल गप्प असतो.

पुण्याच्या या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनच्या बाळांशी केली तेव्हा जे दिसले, त्याने जगाचे लक्ष वेधले. तिकडची बाळे साडेतीन किलोची, इकडची पावणेतीनच्या आतली. डोके, पोट, दंड सगळेच लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. आपले बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीला धरून ठेवणारे निघाले. कपात झाली होती ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. डॉ. याज्ञिक यांनी हीच गोष्ट पुढे एका छायाचित्रातून दाखवली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याचा आकडा आपल्याकडच्या शरीराबद्दल किती कमी सांगतो, हे त्या एका फोटोने डॉक्टरांना पटवले.

गर्भातल्या पोषणाचा पुढच्या आयुष्याशी संबंध जोडण्याची ही दिशा इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांच्या कामातून आली होती. हर्टफोर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आरोग्यसेविकांनी बाळांची जन्मवजने वह्यांत लिहून ठेवली होती. बार्कर यांनी ती शोधून काढली आणि त्या बाळांचे पुढे काय झाले हे पाहिले. जन्मतः वजन जितके कमी, तितके हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त. दुसरा मोठा पुरावा नेदरलँड्सचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली. ऐन दुष्काळात माणशी रोजचा शिधा ४०० ते ८०० कॅलरींवर आला. गरोदरपणाचे शेवटचे महिने ज्यांचे त्या काळात गेले, त्यांची बाळे सुमारे ३०० ग्रॅमने हलकी जन्मली. सुरुवातीचे महिने उपाशी गेलेल्या आणि पुढे पोटभर अन्न मिळालेल्या बायकांची बाळे वजनाला जवळपास ठीक होती, पण पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. जन्मवजन चांगले म्हणजे सगळे चांगले, हे म्हणायची सोय त्या हिवाळ्याने ठेवली नाही. अवयवांची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ बायकांची नोंदही झालेली नसते.

आता त्या दहा-बारा किलोंकडे. वाढलेले वजन जाते कुठे, हे बायकांना क्वचितच कोणी समजावते. साडेबारा किलो वाढ धरली, तर त्यात बाळ सव्वातीन-साडेतीन किलोचे. वार साडेसहाशे ग्रॅमची, गर्भजल पाऊण-एक किलो, गर्भाशय जवळपास किलोभर. रक्त सव्वा ते दीड किलोने वाढते, अंगात पाणी साठते, स्तन भरतात. राहिलेले तीन-सव्वातीन किलो म्हणजे आईच्या अंगावर चढलेली चरबी. ही चरबी म्हणजे पुढे दूध पाजण्यासाठी केलेली तरतूद असते. जी बाई चार-पाच किलोच वाढते, तिच्याकडे ही तरतूद राहत नाही. ती अंगावरचे काढून बाळाला देते आणि बाळंतपणानंतर पहिल्यापेक्षाही खंगलेली दिसते. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सहा राज्यांत केलेल्या पाहणीत उत्तर प्रदेशातल्या बायकांची सरासरी वाढ अवघी ४ किलो आढळली होती.

किती वाढावे याचे जगभर वापरले जाणारे कोष्टक अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे, २००९ सालचे. बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या बाईने १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या बाईने ११.५ ते १६, जाड बाईने ७ ते ११.५ आणि स्थूल बाईने ५ ते ९ किलो वाढावे, असे ते सांगते. त्यातले तत्त्व लाखमोलाचे आहे. सगळ्यांना एकच आकडा नको, सुरुवात कुठून झाली ते पाहून वाढ ठरवावी, आणि कृश बाईने जास्त वाढावे. आकड्यांबद्दल मात्र सावध राहायला हवे. ते अमेरिकी बायकांच्या माहितीवरून काढलेले आहेत. १५० सेंटिमीटर उंचीच्या आपल्या बाईला ते जसेच्या तसे लावता येतील का, आणि आपल्या बांध्यात चरबी आधीच जास्त असताना २३ च्या पुढचा बीएमआयही जास्त धरायला हवा का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. निदान एवढे तरी व्हावे की ४० किलोच्या आणि ७५ किलोच्या बाईला दवाखान्यात एकच वाक्य ऐकवले जाऊ नये. आणि प्रत्येक वाढ पोषणाची नसते, हेही सांगितले जावे. एका आठवड्यात वजन एकदम चढले, चेहरा-हात सुजले, डोके दुखू लागले, तर ते पाणी असते आणि रक्तदाब तातडीने तपासावा लागतो.

गरोदरपणात अन्न दिल्याने फरक पडतो का? पडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात शेंगदाणे घालून केलेली बिस्किटे गरोदर बायकांना विसाव्या आठवड्यापासून रोज दिली गेली. दिवसाला हजारेक कॅलरी त्यातून मिळत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बाळांचे सरासरी वजन १३६ ग्रॅमने वाढले आणि मृत जन्मणारी बाळे निम्म्याहून कमी झाली. त्यातली खरी शिकवण हंगामाची आहे. पेरणी-लावणीच्या दिवसांत, म्हणजे घरातले धान्य संपत आलेले आणि शेतातली कामे रेटून करायची अशा काळात, फायदा २०१ ग्रॅमचा झाला. सुगीनंतर तोच ९४ ग्रॅमचा. मेळघाटातून कुपोषणाच्या बातम्या दरवर्षी पावसाळ्यातच का येतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

पण जास्त म्हणजे चांगले, असेही नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सत्तरच्या दशकात गरिबीतल्या गरोदर बायकांना प्रथिनांचा मोठा डोस असलेले पेय दिले गेले. त्या गटात फार लवकर होणारी बाळंतपणे आणि नवजात बाळांचे मृत्यू वाढल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात प्रथिनांचा भडिमार करणाऱ्या पूरक आहाराची शिफारस करत नाही, ती याच प्रकारच्या पुराव्यांमुळे. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानात प्रोटीन पावडरचा डबा हा गरोदरपणाचा जणू विधीच झाला आहे. त्याच पैशात कितीतरी दिवसांचे दूध, अंडी, शेंगदाणे आणि मेथी-चवळीच्या जुड्या येतात. ज्या घरात तो डबा पोट मारून घेतला जातो, तिथे हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

मुंबईत झालेल्या एका प्रयोगावर थोडे जास्त थांबायला हवे. पुण्याच्या गावांत दूध, पालेभाजी आणि फळांचा संबंध दिसला होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जी बाई दूध पिते तिच्या घरी म्हैस असते, ज्या घरी म्हैस असते तिथे बाकीचेही बरे असते. खात्री करायची तर खाऊ घालूनच पाहायला हवे. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्पटनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तेच केले. ६,५१३ बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाऊ घरी न्यायचा नाही, केंद्रात बसून ताईंच्या समोर खायचा. आणि सुरुवात दिवस जाण्याच्या आधीपासून. रोज तोच खाऊ खाऊन कंटाळा येऊ नये म्हणून चवी बदलत राहिल्या.

सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्यात ४८ ग्रॅम वाढ दिसली. मग आईच्या वजनाप्रमाणे वर्गवारी केली. सगळ्यात कृश बायकांच्या बाळांना काहीच फायदा नाही. मधल्या गटात ३४ ग्रॅम. बीएमआय २१.८ च्या पुढे असलेल्या बायकांत ९६ ग्रॅम. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंतच ती पोचली नाही. याचा मला लागणारा अर्थ असा की फारच कृश बाईचे शरीर मिळालेले अन्न आधी स्वतःची झीज भरून काढायला वापरत असावे, आणि पावणेदोनशे कॅलरींच्या खाऊत दोघांचे भागत नसावे. पण याच प्रयोगात दुसरीही गोष्ट घडली. गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्क्यांना. बाळाच्या वजनाचा काटा हलला नाही म्हणून हा प्रयोग फसला असे समजणे चूक आहे. आईला फायदा झाला, आणि आईचा फायदा हाही फायदाच धरायला हवा.

गरोदर बायकांत रक्त कमी असण्याचा प्रश्नही मुंबईला तसा जुना. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांमधल्या जीवघेण्या पांडुरोगाचा शोध घ्यायला इथे आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. तिने आजारी बायकांच्या चुलीपर्यंत जाऊन त्या काय खातात ते पाहिले. रोगाचे मूळ जंतूत नसून आहारात आहे, आणि यीस्टच्या अर्काने म्हणजे मार्माइटने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे आज जे फॉलिक ॲसिड प्रत्येक गरोदर बाईला दिले जाते तेच. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने त्याचा आणखी एक उपयोग सिद्ध केला. ज्यांना आधी मज्जारज्जूचा जन्मदोष असलेले बाळ झाले होते, त्यांच्यात फॉलिक ॲसिडने तो धोका ७२ टक्क्यांनी घटला. पण गोळी दिवस जाण्याआधीपासून चालू हवी, कारण मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते.

पुण्याच्या अभ्यासाने यात एक गुंता दाखवला. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत यांतले पहिले परवडत नाही व उरलेले चालत नाही. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फॉलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा सर्वाधिक दिसल्या. यावरून फॉलिक ॲसिड बंद करायचे नाही. बी-१२ ची जोड द्यायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

लोहाच्या बाबतीत औषध आहे, ते फुकट आहे, तरी २०१९-२१ मध्ये देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळले. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, ‘बाळ काळं होईल’ असे कोणीतरी सांगते, आणि पाकीट फडताळात राहते. चहाबरोबर घेतलेली गोळी फारशी लागू पडत नाही हेही कोणी सांगत नाही. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, हा आशाताईंचा साधा सल्ला अनेकींना उपयोगी पडतो.

दुसऱ्या टोकाला, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात २३.४ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा जाड आढळल्या. म्हणजे कृश आणि जाड स्त्रियांची संख्या या राज्यात जवळपास सारखी आहे, कधी कधी एकाच चाळीत, एकाच घरात. जाड आईची वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करते आणि बाळ चरबीने फुगते. हे डेन्मार्कच्या पेडरसन यांनी फार पूर्वी मांडले होते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजायची आणि ती १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरायचा, ही आपल्या सरकारी दवाखान्यांतली पद्धत सोपी आणि चांगली आहे. जाड बाईने गरोदरपणात वजन उतरवायच्या मागे लागू नये. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आहार-व्यायामाचे मोठे प्रयोग झाले. त्यांत वाढ थोडी आटोक्यात राहिली, पण मधुमेह किंवा मोठ्या बाळांचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही. इथेही तेच, काम आधी व्हायला हवे होते.

बाळ जन्मल्यावर काय द्यावे, याबद्दल विज्ञानात फारसा वाद उरलेला नाही. पहिल्या तासात छातीशी, चीक टाकायचा नाही, सहा महिने नुसते अंगावरचे दूध, मध-गुटी-पाणी काही नाही, मग उष्टावण करून वरचे अन्न आणि दोन वर्षांपर्यंत दूध चालूच. कृश आईलाही दूध पुरेसे येते. ‘हिला दूधच नाही’ असे म्हणून बाटली हातात देण्याची घाई बहुतेक वेळा चुकीची असते. मात्र आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधातही ते नसते. अशी बाळे सहा-आठ महिन्यांची होईपर्यंत सुस्त होतात, शिकलेले विसरतात, हातपाय थरथरतात. आईला आणि बाळाला बी-१२ दिले की त्यातली बरीच सुधारतात. दूध पाजणाऱ्या बाईला गरोदरपणापेक्षाही जास्त, पहिले सहा महिने दिवसाला ६०० कॅलरी जादा लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू देणारी आपली परंपरा याबाबत शहाणी आहे. पण लाडू मिळतात ते माहेर भरले असेल तर, आणि बाळंतिणीला आठवड्यात कामाला जायचे नसेल तर. सहा महिन्यांनंतरची घसरण सगळ्यात मोठी. २०१९-२१ मध्ये देशात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या जेमतेम अकरा टक्के मुलांना वयाला पुरेसा आणि पुरेसा विविध आहार मिळत होता. वरणाचे पाणी आणि भाताची पेज यांत पाणीच जास्त. मऊ भात, घट्ट वरण, वर तूप किंवा तेल, कुस्करलेले अंडे किंवा केळे, एवढे घराघरांत पोचले तरी पुष्कळ झाले.

आता घराच्या आत. कॉफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या एकत्र कुटुंबांचा अभ्यास केला तेव्हा दिसले की एकाच घरात, एकाच चुलीवर, धाकट्या जावेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीने उंचीला कमी भरतात. अन्न तेच, पाणी तेच, घर तेच. फरक घरातल्या मानाचा. नवी सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेले जेवते. दिवस गेलेत हे सांगायलाही तिला तिसरा महिना उजाडतो. डोहाळजेवणाला जी पाच-सात पक्वान्ने होतात ती सातव्या महिन्यात. तिच्या पुढ्यात तो पाट मांडायला कोणाचा विरोध नसतो. दुसऱ्या महिन्यात रोज पेलाभर दूध मागायची तिची छाती होत नाही.

आणि घराबाहेर. बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल घेतलेली असते, मुकादमाचा हिशेब असतो, खाडा झाला की दंड कापला जातो. पहाटे फडात जायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, पोट किती महिन्यांचे आहे याला तिथे किंमत नाही. ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल जोडीतली बाई झोपडीवजा कोपीत राहते, गावच्या अंगणवाडीच्या यादीत नाव असते आणि ताट रिकामे असते. तिला ‘विश्रांती घ्या, पालेभाज्या खा’ असे सांगणारे भित्तिपत्रक लावणे ही क्रूरता आहे. डॉ. राव यांनी मोजले त्याहून जास्त कष्ट इथे रोज उचलले जातात, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे नव्हे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण. घरी नेलेले कोरड्या शिध्याचे पाकीट सगळ्या घरात वाटले जाते, पण समोर बसून जेवलेले तिच्याच पोटात जाते, हे या योजनेने ओळखले. अंडी-केळी वेळेवर न येणे, निधी अडकणे, सेविकेला पदरचे घालायला लागणे या तक्रारी आहेत. त्या सोडवायच्या, योजना वाढवायची. रोख रकमेचे तसे नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासून आलेल्या मातृवंदना योजनेत त्याचे पहिल्या बाळापुरते पाच हजार झाले. दुसरे बाळ मुलगी असेल तरच पुढचे. दुसऱ्या मुलाला पोटात वाढवताना बाईला भूक लागत नाही, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

राहिला पहिल्या आकड्याचा प्रश्न. तो नववधूच्याही आधी, शाळकरी मुलीत सुटायला सुरुवात होते, याचे दोन पुरावे मला फार महत्त्वाचे वाटतात. ग्वाटेमालात १९६९ ते ७७ या काळात काही गावांतल्या लहान मुलांना ‘अतोले’ नावाची पौष्टिक पेज दिली गेली. त्यातल्या मुली मोठ्या होऊन आया झाल्या, तेव्हा त्यांची बाळे दुसऱ्या गावांतल्यांपेक्षा सरासरी ११६ ग्रॅमने जड जन्मली. गरोदरपणात अन्न वाटून मिळालेला गॅम्बियाचा फायदा जवळपास एवढाच होता. दुसरा पुरावा आपल्या शाळेतल्या खिचडीचा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्त्रियांना लहानपणी मध्यान्ह भोजन मिळाले होते त्यांच्या मुलांची उंची, न मिळालेल्या स्त्रियांच्या मुलांपेक्षा लक्षणीय सरस आढळली.

पुण्यातही १९९३ च्या अभ्यासात ज्या मुली जन्मल्या त्यांना किशोरवयातच, २०१२ पासून, बी-१२ देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो ते पाहिले गेले. बी-१२ मिळालेल्या मुलींच्या बाळांची दोन वर्षांच्या वयात समज आणि भाषा सरस आढळली. गट लहान आहे, पण दिशा तीच.

शाळेतले भोजन आठवीपर्यंत. त्यानंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलींसाठी केंद्राची पोषण योजना आहे, पण ईशान्येकडची राज्ये सोडली तर ती फक्त केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत चालते. महाराष्ट्रात असे जिल्हे चार आहेत: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. बीड त्यात नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. आठवीनंतर शाळा सुटलेली, आईबापांबरोबर फडावर गेलेली बीडची मुलगी पुन्हा सरकारी ताटासमोर येते ती थेट गरोदर म्हणून नोंद झाल्यावर.